पाऊल व घोट्याचे विकार

पाऊल व घोटा यांतील हाडे, सांधे, अस्थिबंध, कंडरा, त्वचा व नखे, तसेच त्यांना रक्त व संवेदना पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांच्या आजारांना आणि दुखापतींना एकत्रितपणे पाऊल व घोट्याचे विकार म्हणतात. घोटा मुरगळणे, टाचदुखी, कुरूप, भेगा, चिखल्या व मांसात रुतलेले नख हे त्यांतील नित्य आढळणारे प्रकार होत. यांपैकी बहुतेक विकार विश्रांती, योग्य पादत्राणे आणि थोडा धीर यांनी बरे होतात. काहींमध्ये मात्र काही दिवसांच्या, क्वचित काही तासांच्या विलंबानेही पाऊल गमावण्याची वेळ येते. वेदनेची तीव्रता हा गांभीर्याचा विश्वासार्ह निकष नाही. सकाळी पाऊल टेकवू न देणारी टाचदुखी सहसा निरुपद्रवी असते, तर मधुमेही व्यक्तीच्या तळव्यावरील न दुखणारी जखम अतिशय धोक्याची असू शकते.

== रचना ==

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे असतात: घोट्याखालच्या व टाचेच्या भागात ७, मधल्या भागात ५ लांब हाडे आणि बोटांत १४ (अंगठ्यात २, इतर चार बोटांत प्रत्येकी ३). त्यांच्यामध्ये ३३ सांधे असून शंभराहून अधिक अस्थिबंध, कंडरा व स्नायू त्यांना बांधून ठेवतात. टाचेचे हाड हे यांतील सर्वांत मोठे. नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड यांच्या खालच्या टोकांची मिळून एक खोबण बनते व तीत टॅलस नावाचे हाड बसते. हाच घोट्याचा सांधा होय. बाहेरील उंचवटा आतील उंचवट्यापेक्षा खाली उतरलेला असल्याने पाऊल बाहेरच्या बाजूस सहज कलंडत नाही. आतल्या बाजूस मात्र ते सहज वळते, आणि त्या वेळी ताण सोसणारे बाहेरचे अस्थिबंध तुलनेने दुबळे असतात.

मराठीत ‘पाय’ हा शब्द मांडीपासून बोटांपर्यंत सर्वच भागास लावला जातो. ‘पाय दुखतो’ या तक्रारीवरून दुखणे पावलाचे, घोट्याचे, पोटरीचे की कमरेतून उतरणाऱ्या मज्जातंतूचे, हे कळत नाही. तळवा, चवडा, टाच, घोटा, नडगी, पोटरी असे नेमके शब्द भाषेत आहेतच. वैद्यकीय तपासणीच्या वेळी ते वापरल्यास निदान सोपे होते.

== घोट्याच्या दुखापती ==

=== मुरगळणे ===

खड्ड्यात, पायरीवर किंवा खेळताना पाऊल आत वळून घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले वा फाटले जाण्यास मुरगळणे किंवा लचकणे म्हणतात. बाहेरील उंचवट्याच्या पुढील अस्थिबंधास सर्वाधिक इजा होते. त्या जागी सूज येते आणि एक-दोन दिवसांत निळसर-काळा डाग दिसतो. तो गुरुत्वाकर्षणाने टाचेकडे व बोटांकडे सरकतो, त्यामुळे इजा पसरत असल्याचा गैरसमज होतो.

पहिले दोन-तीन दिवस पायावर भार कमी देणे, कापडात गुंडाळलेला बर्फ दर वेळी १५ ते २० मिनिटे लावणे, लवचीक पट्टी बांधणे आणि पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवणे हे प्रथमोपचार आहेत. या काळात शेक देणे व चोळणे टाळावे, कारण दोन्हींनी सूज वाढते. आंबेहळद व रक्तचंदन यांचा लेप लावण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी आहे. त्वचा फुटलेली नसेल तर लेपाने अपाय सहसा होत नाही. अपाय होतो तो लेपावर विसंबून अस्थिभंगाची तपासणी लांबवल्याने, किंवा हाडवैद्याकडून मोडलेले हाड चोळून घेतल्याने.

‘चालता येते, म्हणजे हाड मोडलेले नाही’ ही समजूत चुकीची आहे. क्ष-किरण चित्र केव्हा काढावे यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली काही साधे निकष मांडले. आज जगभर ते ‘ओटावा नियम’ म्हणून वापरले जातात. त्यानुसार पुढीलपैकी काहीही आढळल्यास क्ष-किरण चित्र आवश्यक ठरते: दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे; घोट्याच्या आतील वा बाहेरील उंचवट्याच्या टोकावर किंवा त्याच्या मागील कडेवर (खालच्या ६ सेंटिमीटरच्या भागात) दाबल्यास हाड दुखणे; पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावर जाणवणारे करंगळीच्या लांब हाडाचे मूळ दुखणे; अथवा पावलाच्या आतील बाजूस, कमानीच्या माथ्याजवळचे हाड दुखणे. यांपैकी करंगळीच्या हाडाचा भंग वारंवार नजरेतून सुटतो, कारण रुग्णाचे आणि पुष्कळदा तपासणाऱ्याचेही लक्ष सुजलेल्या घोट्याकडे असते. ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना हे निकष लागू पडत नाहीत.

सूज उतरल्यावर दुर्लक्षिली जाणारी बाब म्हणजे व्यायाम. अस्थिबंध जुळून आला तरी सांध्याची स्थिती ओळखण्याची क्षमता मंदावलेली असते आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. एका पायावर तोल सांभाळून उभे राहणे, आधी डोळे उघडे ठेवून व मग मिटून, हा यावरचा सोपा व्यायाम आहे. भिंत हाताशी असावी.

=== टाचेमागील कंडरा तुटणे ===

पोटरीच्या स्नायूंना टाचेशी जोडणारी जाड कंडरा खेळताना किंवा धावताना अचानक तुटू शकते. मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते, कधी आवाजही येतो. थोड्या वेळाने वेदना ओसरते आणि इतर स्नायूंच्या साहाय्याने लंगडत चालताही येते. त्यामुळे ही इजा मुरगळण्यात जमा होते. त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता न येणे ही तिची खूण. रुग्णास पालथे झोपवून पोटरी दाबली असता निरोगी पायाचे पाऊल खाली झुकते, कंडरा तुटलेल्या पायाचे झुकत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गातील प्रतिजैविके आणि स्टेरॉइडे यांमुळे या कंडरेस इजा होण्याचा धोका वाढतो. उपचार जितके लवकर, तितकी कंडरा चांगली जुळते.

== टाचदुखी ==

तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत पसरलेल्या तंतुमय पट्ट्याचा (प्लँटर फॅशिया) टाचेजवळील विकार हे टाचदुखीचे सर्वांत नेहमीचे कारण होय. सकाळी उठल्यावरची पहिली काही पावले अत्यंत वेदनादायक असतात, चालू लागल्यावर दुखणे कमी होते आणि बराच वेळ बसून उठल्यावर पुन्हा उसळते. चाळिशी-पन्नाशीतील व्यक्ती, वजन वाढलेल्या व्यक्ती आणि दिवसभर उभ्याने काम करणारे यांच्यात तो अधिक दिसतो. शिक्षक, परिचारिका, वाहतूक पोलीस, दुकानातील नोकरवर्ग यांचा येथे उल्लेख करावा लागेल. फरशीवर अनवाणी उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचाही.

क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला लहानसा काटा दिसला की ‘हाड वाढले आहे’ असे सांगितले जाते आणि रुग्ण शस्त्रक्रियेच्या धास्तीने हवालदिल होतो. वस्तुतः असा काटा टाच कधीच न दुखलेल्या अनेकांमध्येही आढळतो. तो काढल्याने दुखणे जातेच असे नाही. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम, घरातही मऊ तळाची चप्पल आणि टाचेखाली गादी यांनी बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र त्यास काही महिने, कधी वर्षभरही लागते. या संथपणामुळेच रुग्ण एका उपायावरून दुसऱ्याकडे धाव घेतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने तात्पुरता आराम मिळतो. ते वारंवार घेतल्यास तो पट्टा तुटण्याची वा टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते.

रात्री झोपेतून उठवणारी, विश्रांतीनेही न थांबणारी किंवा ताप व वजनातील घट यांसोबत येणारी टाचदुखी वेगळी समजावी. तरुण वयात दोन्ही टाचा दुखून सकाळी पाठही बराच वेळ आखडत असेल तर सांधेदाहाचा एखादा आजार असण्याची शक्यता असते. चालणे एकाएकी वाढवल्यावर, उदाहरणार्थ पायी वारीत वा सैनिकी प्रशिक्षणात, टाच दोन्ही बाजूंनी दाबली असता दुखू लागली, तर हाडास बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी.

== बोटे व चवडा ==

अंगठा इतर बोटांकडे झुकून त्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा दिसणे हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. तो काही घराण्यांत दिसून येतो व टोकदार, अरुंद पादत्राणांनी बळावतो. रुंद पादत्राणांनी त्रास कमी होतो. शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नव्हे, वेदनेसाठी करावी.

अंगठ्याचा मुळाचा सांधा रात्रीतून लालबुंद, गरम व चादरीचा स्पर्शही सहन न होण्याइतका दुखरा झाल्यास वातरक्त (गाऊट) या आजाराची शक्यता असते. त्यात यूरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात. आघाताच्या काळात रक्तातील यूरिक आम्ल सामान्यही आढळू शकते, म्हणून केवळ एका रक्ततपासणीवर निदान सोडू नये. सांध्यातील जंतुसंसर्गही असाच दिसतो. ताप असल्यास त्याच दिवशी तपासणी आवश्यक असते.

चिकुनगुन्याच्या तापानंतर घोटे व पावले आठवडेच्या आठवडे, काहींची महिनोन्महिने दुखत राहतात. २००६ सालच्या मोठ्या साथीत महाराष्ट्रातील अनेकांनी याचा अनुभव घेतला.

== त्वचा व नखे ==

टाचांना पडणाऱ्या भेगांना काही भागांत जळवात असेही म्हणतात. कोरडी व जाड झालेली त्वचा शरीराच्या भाराखाली फाटते. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, पेट्रोलियम जेली किंवा तेल लावून मोजे घातल्यास त्या भरून येतात. भेगांतून रक्त किंवा पू येऊ लागल्यास घरगुती उपाय थांबवावेत.

चिखल्या हा पावसाळ्याचा विकार. भातलावणी करणारे शेतमजूर, मासेविक्रेत्या, सफाई कामगार अशा सतत ओल्यात पाय असणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यातील त्वचा पांढरी पडून सोलते, खाजते व आग होते. हा बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. बेचके कोरडे ठेवणे व बुरशीरोधक मलम हे त्याचे उपचार होत. खाजेला गुण देणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे औषधाच्या दुकानांतून सर्रास घेतली जातात. त्यांनी खाज थांबते पण बुरशी फोफावते. चिरलेल्या बेचक्यांतून जंतू आत शिरून संपूर्ण पाय सुजू शकतो. पुराच्या पाण्यात चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही अशा जखमांतून शरीरात प्रवेश करतात. जुलै २००५ मधील अतिवृष्टीनंतर मुंबईत या आजाराची साथ आली होती. जखमी पायाने अशा पाण्यातून चालावे लागले असल्यास, लक्षणांची वाट न पाहता, प्रतिबंधक औषधासाठी डॉक्टरांना विचारावे.

कुरूप (भोवरी) म्हणजे एकाच जागी दाब वा घर्षण होऊन त्वचेचा कठीण झालेला गाभा. दाबाचे कारण दूर न करता ते कापल्यास पुन्हा येते. तळव्यावरील चामखीळ त्याच्यासारखीच दिसते, पण ती विषाणूजन्य असते व बाजूंनी चिमटल्यास अधिक दुखते. दोन्ही ब्लेडने कापणे धोक्याचे; मधुमेहींनी तर कुरूप काढण्याच्या आम्लयुक्त पट्ट्याही वापरू नयेत. नख मांसात रुतणे टाळण्यासाठी ते सरळ रेषेत कापावे, कडा गोल करून आत खोल जाऊ नये.

अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांत काटा वगैरे टोचून होणारा एक विकार ‘मदुरा पाऊल’ या नावाने ओळखला जातो. मदुराई परिसरातील रुग्णांवरून हे नाव पडले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम केलेल्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी त्याचा सखोल अभ्यास करून १८७४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या विख्यात शरीररचनाग्रंथातील चित्रेही याच कार्टर यांची. या विकारात पाऊल हळूहळू, बहुधा फारसे न दुखता, सुजते आणि त्यावरील छिद्रांतून काळे, पांढरे वा लालसर कण बाहेर पडतात. एकेकाळी ग्रामीण महाराष्ट्रात पायांतून निघणारा नारू मात्र आता इतिहासजमा झाला आहे. भारतातील त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

== संवेदना हरवलेले पाऊल ==

वेदना ही पावलाची राखणदार असते. ती नाहीशी झाली की खडा, खिळा, तापलेली फरशी, चप्पलेचा अंगठा यांपैकी काहीही जखम करते आणि ती जाणवतच नाही. रुग्ण त्याच जखमेवर चालत राहतो. भारतात अशा संवेदनाहीन पावलांची दोन प्रमुख कारणे आहेत: मधुमेह आणि कुष्ठरोग.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. रक्तशर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास मज्जातंतू बिघडतात. प्रथम बोटांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते आणि मग बधिरपणा वाढत जातो. आग थांबली म्हणजे आजार बरा झाला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कधी कधी तो मज्जातंतू निकामी झाल्याचा परिणाम असतो. जोडीला रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर जखम भरत नाही, जंतुसंसर्ग हाडापर्यंत जातो व पाऊल सडू लागते.

याची सुरुवात पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. नव्या चपलेचा फोड, गरम पाण्याच्या पिशवीचा चटका, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या आवारात अनवाणी घातलेली प्रदक्षिणा ही त्याची नेहमीची उदाहरणे. पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासावे. पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. तळवे व बेचकी रोज डोळ्यांनी पाहावीत. वाकणे जमत नसल्यास आरसा वापरावा, दृष्टी मंद असल्यास घरातील कोणास तरी पाहावयास सांगावे. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात व पावलावरील नाडी चाचपतात. ही तपासणी काही मिनिटांची असून प्रत्येक मधुमेहीची वर्षातून निदान एकदा व्हावी. रक्तशर्करेचा कागद दाखवून परतणाऱ्या रुग्णाने मोजे काढून पाय दाखवण्याचा आग्रह धरणे गैर नाही.

मधुमेहीचे पाऊल जखम नसताना एकाएकी सुजून गरम व लाल झाले आणि त्या मानाने दुखत नसेल, तर ते शार्को यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे लक्षण असू शकते. यात हाडे आतल्या आत मोडून सांधे कोसळतात. वेळीच प्लास्टर घालून भार काढून घेतल्यास पावलाचा आकार टिकतो. केवळ प्रतिजैविके देऊन रुग्णास चालू ठेवल्यास कमान उलटी फिरून तळवा बहिर्गोल होतो.

कुष्ठरोगात जंतू थेट मज्जातंतूंवर आघात करतात. राष्ट्रीय पातळीवर या रोगाचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे २००५ साली जाहीर झाले, तथापि महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही आढळतात. वेल्लोर येथे काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदनेअभावी झालेल्या इजा व त्यांतील संसर्ग यांनी ती नष्ट होतात. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची ‘एमसीआर’ चप्पल, जी सरकारी कार्यक्रमात मोफत दिली जाते, ती याच विचारावर आधारलेली आहे. या चपलेवरून रोग ओळखला जाईल या भीतीने ती न वापरणारे रुग्णही आहेत.

धूम्रपान करणाऱ्यांत व वृद्धांत ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येणे आणि थांबताच आराम पडणे हे रक्तपुरवठा अपुरा असल्याचे लक्षण आहे. झोपल्यावर पाऊल दुखून ते पलंगाखाली लोंबकळत ठेवावे लागत असेल तर आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो.

पाऊल कापावे लागलेल्यांसाठी जयपूर येथे १९६८ साली रामचंद्र शर्मा या कारागिराने व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ विकसित केले. उकिडवे बसणे, शेतात अनवाणी चालणे या भारतीय गरजा त्यात विचारात घेतल्या आहेत.

== सूज ==

दोन्ही पावलांवर संध्याकाळी येणारी व सकाळी उतरणारी सूज बहुधा दीर्घकाळ उभे राहिल्याने किंवा रक्तदाबाच्या काही औषधांनी येते. दम लागणे वा लघवी कमी होणे सोबत असल्यास हृदय, मूत्रपिंड व यकृत तपासावे. गरोदरपणात पावलांना थोडी सूज येणे स्वाभाविक आहे. चेहरा व हात सुजणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही मात्र तातडीची लक्षणे होत. एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखू लागल्यास खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय घ्यावा.

== लहान मुले ==

बालकांचे पाऊल सपाट दिसणे सामान्य आहे. चवड्यावर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल व मूल तक्रार करत नसेल तर विशेष बुटांची गरज नसते. जन्मतः आत व खाली वळलेले पाऊल (क्लबफूट) हजारात सुमारे एका बालकात आढळते. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीत दर आठवड्यास प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात. बहुतेकांत टाचेमागील कंडरेवर लहानशी शस्त्रक्रिया होते आणि मग जोडबूट वापरावे लागतात, प्रथम जवळजवळ दिवसभर व नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत. पाऊल सरळ दिसू लागताच जोडबूट सोडून दिल्याने व्यंग परत येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे.

== वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी ==

पाऊल वेडेवाकडे दिसत असेल, हाड बाहेर आले असेल, दुखापतीनंतर बोटे थंड, पांढरी वा निळी पडली असतील, किंवा सुजेसोबत छातीत दुखणे व धाप लागणे सुरू झाले असेल तर थेट रुग्णालय गाठावे. पाऊल काळे पडू लागणे, जखमेस दुर्गंधी येणे, लाली तासागणिक वर चढणे, तापासह सांधा सुजणे हीदेखील त्याच दिवशी दाखवण्याची लक्षणे आहेत.

मधुमेह, कुष्ठरोग, अपुरा रक्तपुरवठा किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्या व्यक्तीने पावलावरील कोणतीही जखम, फोड वा रंगातील बदल शक्यतो २४ तासांच्या आत दाखवावा; दुखत नसला तरी. घाणेरडा खिळा वा काच रुतल्यास धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवून डॉक्टरांना सांगावे.

इतरांच्या बाबतीत, मुरगळलेल्या घोट्यावर पाच-सहा दिवसांनीही नीट भार देता येत नसेल, टाचदुखी काही आठवडे व्यायाम करूनही कमी होत नसेल, चिखल्या औषधाने दोन-तीन आठवड्यांत जात नसतील किंवा बधिरपणा व मुंग्या नव्याने सुरू झाल्या असतील, तर तपासणी करून घेणे योग्य. तळव्यावर वा नखाखाली आकार बदलणारा काळा डाग त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा, कारण त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार तेथे होतो.

== कोणाकडे जावे ==

ब्रिटन, अमेरिका आदी देशांत केवळ पावलांवर उपचार करणाऱ्यांची स्वतंत्र व्यवसायशाखा आहे. भारतात ती फारशी रुजलेली नसल्याने इजा व हाडांच्या तक्रारींसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, त्वचा व नखांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, रक्तपुरवठ्यासाठी रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक अशी विभागणी होते. मधुमेही जखमेस बहुधा यांतील एकाहून अधिक जणांची गरज लागते. कुष्ठरोगाचे निदान व औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तपासणीस जाताना रोजच्या वापरातील जुनी चप्पल वा बूट सोबत न्यावेत. तळ कोणत्या बाजूने झिजला आहे यावरून भार कोठे पडतो हे डॉक्टरांस समजते.